मधल्या बिजागरीची पिन

उन्हाळी सुट्टीच्या पहिल्या रविवारी आमच्या घराला दारं नसतात. सकाळी सातला बिजागऱ्यांतल्या पिना ठोकून वर काढायच्या, दारं उतरवायची आणि अंगणात बाबांच्या कामाच्या लाकडी घोड्यांवर एकाला एक लावून आडवी टाकायची, की झालं टेबल. बाबा सुतार होते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मित्रांना जेवायला बोलावलं आणि बोलावून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की लोकांची टेबलं करता करता स्वतःच्या घरात टेबल करायचं राहूनच गेलंय. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. पुढे टेबल करायला सवडही होती आणि लाकूडही होतं, पण तोवर सगळ्यांना दारांची सवय लागली होती. फक्त न्हाणीघराचं दार जागेवर राहायचं. तेही काढलं असतं तर मित्र आलेच नसते.

या वर्षी दारं काढायला मी आणि आई, दोघीच होतो. मी खालून खिळा लावून हातोडीने पिन ठोकत होते, आई दाराला धरून उभी होती आणि माझ्या खिशात आणखी एक पिन होती, जिचा आईला पत्ता नव्हता. बोटाएवढी लांब, टोपीवाली, जराशी गंजलेली. सकाळपासून मी तिला इतक्यांदा हात लावला होता, की ती खिशात गरम झाली होती.

"लक्ष कुठंय तुझं? बोटावर मारून घेशील," आई म्हणाली.

चार दारं उतरली. पाचवं माझ्या खोलीचं. मी हातोडी उचलली तसा आईने हात आडवा घातला.

"ते राहू दे. चार पुरेत यंदा."

"चारांवर सगळे मावणार नाहीत."

"मावतील. एक माणूस कमी आहे." मग ती जरा थांबली. "दोन."

एक म्हणजे बाबा. ते थंडीत गेले. दुसरे शिंपीकाका, बाबांचे सगळ्यात जुने मित्र. ते जिवंत होते, धडधाकट होते, दोन गल्ल्या पलीकडे राहत होते आणि आई त्यांचं नाव घेत नव्हती. आईची समजूत अशी, की बाबांनी मरणाच्या दारात असताना त्यांना बोलावणं पाठवलं आणि ते आले नाहीत. बोलावणं न्यायचं काम माझ्याकडे होतं. मी नेलं नाही. एवढीच गोष्ट आहे, पण ती गेले पाच महिने माझ्या छातीवर बसली होती आणि आज पाहुणे यायच्या आत मला ती आईला सांगायची होती.

पिनेचं आधी सांगते, नाहीतर आम्ही सगळे वेडे वाटू. वाटलो तरी हरकत नाही म्हणा, पण निदान कशामुळे ते कळावं. जेवण झाल्यावर दारं परत बसवताना बाबा दर दारातली मधल्या बिजागरीची पिन मागे ठेवायचे आणि एकेका मित्राला एक द्यायचे, उरलेली परत बिजागरीत. ती वर्षभर सांभाळायची आणि पुढच्या रविवारी घेऊन यायचं. पिन हेच आमंत्रण. वर्षभर आमची दारं वरच्या आणि खालच्या बिजागरीवर कुरकुरत राहायची, पण बाबांना तो आवाज आवडायचा. "मित्र बोलतायत," म्हणायचे. पिन असेल तो येणार, पिन नसेल त्याने यायचं नाही, हा नियम थट्टेत सुरू झाला आणि नंतर या लोकांनी तो देवाच्या आज्ञेसारखा धरला. एकदा ड्रॉइंगच्या मास्तरांची पिन घरात सापडेना, तर त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, आपली पिन घेऊन एकट्या आल्या आणि मास्तर तीन वाजेपर्यंत घरी कपाटं उपसत बसले.

शिंपीकाकांकडे माझ्या खोलीच्या दाराची पिन असायची आणि टेबलक्लॉथही त्यांच्याकडेच. पाच दारांच्या लांबीचा एकच पांढरा कपडा. दारांच्या गोल लाकडी मुठी वर येतात, म्हणून त्यांनी त्या त्या जागी मापाची काजं केली होती, शर्टाला असतात तशी, फक्त मोठी. कपडा अंथरला की पाची मुठी पाच काजांतून अलगद वर यायच्या आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मी लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी टेबलाला मुठी असतात.

गेल्या वर्षी चार मुठी वर आल्या आणि पाचवी, माझ्या दाराची, कपड्याखालीच राहिली. दोन बोटांचा फरक. त्या वसंतात बाबांनी माझ्या दाराची सैल झालेली मूठ काढून नवी बसवली होती.

"शिंप्या, कापड आटलं तुझं," बाबा हसत म्हणाले.

"माझं माप चुकत नाही, सुतारा," काका म्हणाले. ते हसत नव्हते. "तुझा हात थरथरतोय. वर्षभर बघतोय मी. आता करवत खाली ठेव, नाहीतर बोटं जातील."

खरं होतं ते. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं आणि आम्ही सगळे तिकडे बघायचं टाळत होतो. बाबांचा चेहरा पडला, मग लाल झाला. ते फक्त एवढंच म्हणाले, "पिन ठेव आणि जा." काकांनी खिशातून पिन काढून टेबलावर ठेवली आणि न जेवता निघून गेले. बाबांनी ती बिजागरीत परत घातली नाही. शर्टाच्या खिशात टाकली.

त्या दिवसानंतर बाबांनी करवत हातात घेतली नाही. पावसाळ्यात घरात बसून राहिले आणि थंडीत अंथरुणाला खिळले. मी कोणाला दोष दिला असेल ते सांगायला नको. माझं डोकं तसंही लवकर तापतं. शिंपीकाका मला लहानपणापासून ठिणगी म्हणतात ते उगाच नाही.

तर थंडीत एक दिवस बाबांनी ती पिन माझ्या हातात दिली. "शिंप्याला नेऊन दे. बाकी काही बोलू नकोस, नुसती दे. त्याला कळेल."

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. कामावर जाताना शिंपीकाकांच्या दुकानावरूनच जावं लागतं. पहिल्या दिवशी मी पलीकडच्या बाजूने गेले. म्हटलं, राहू दे त्याला वाट बघत. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "दिलीस?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "दिली."

"काय म्हणाला?"

"येतो म्हणाले."

उद्या देऊ, म्हणजे खोटं खोटं राहणार नाही, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक दिसलं. तिसऱ्या दिवशी मला उशीर झाला होता. चौथ्या दिवशी मला भीती वाटायला लागली, की आता दिली तर चार दिवस कुठे होती असं विचारतील. इकडे बाबा दिवसाआड माझ्याकडून दाढी करून घेत होते. पुढचं दार उघडं ठेवायला लावत होते, म्हणजे शिंप्याला कडी वाजवायला नको. बोचऱ्या थंडीत दार सताड उघडं आणि आई दोन स्वेटर घालून कुडकुडत बसलेली. नऊ दिवस. दहाव्या दिवशी बाबा गेले. शिंपीकाका आले ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, उंबऱ्यापर्यंत आले नाहीत आणि आईने त्यांच्याकडे पाठ फिरवली. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि तेव्हाही गप्प बसले.

आता कळलं असेल, सकाळपासून माझा पाय एका जागी का ठरत नव्हता.

दहा वाजता नर्सताई आल्या. त्याही जुन्या मैत्रिणीच, आणि बाबांच्या शेवटच्या आठवड्यात त्या रोज यायच्या. त्यांनी आपली पिन आईच्या हातात ठेवली आणि आईला मिठी मारली. मी बटाटे भाजायला लावले, काकड्या चिरल्या, सरबतात दोनदा साखर घातली. आईला बोलवावं म्हणून स्वयंपाकघराच्या चौकटीत गेले, तर तिथून नर्सताई दिसत होत्या आणि नर्सताईंना आम्ही. आईच्या खोलीत न्यावं, तर खोली अंगणाकडे सताड उघडी. चाळीस वर्षं या गोष्टीची गंमत वाटायची, की आज या घरात कोणी कोणापासून लपू शकत नाही. आज मात्र तीच गोष्ट जीव खात होती. मी न्हाणीघरात गेले, आरशात बघितलं, वाक्य पाठ केलं, बाहेर आले आणि बोलले नाही. परत गेले. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा मास्तर समोर उभे. ते आणि बाई कधी आले ते मला कळलंही नव्हतं.

"पोट बिघडलंय का गं?" त्यांनी काळजीने विचारलं. "ओवा देऊ? माझ्या खिशात असतो."

अंगणात आई दारांवर पलंगावरच्या चादरी अंथरत होती. कपडा नव्हता ना. चादरींखाली चार मुठी टेंगळांसारख्या वर आल्या होत्या. नर्सताईंनी सरबताचं भांडं ठेवलं ते नेमकं एका टेंगळावर. भांडं कललं आणि अर्धं सरबत चादरीवर.

"राहू दे, राहू दे," मास्तर पुसायला धावले. "कपडा असता तर..." बाईंनी त्यांना कोपर मारलं.

"बोला की," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "कपडा असता तर. माणूस असता तर! ज्याला मरणाऱ्या माणसाने पिन पाठवली आणि त्याने ठेवून घेतली, वर 'येतो' म्हणून निरोप दिला, त्याच्या कपड्यावर मला जेवायचं नाही."

नर्सताई हळूच म्हणाल्या, "शेवटच्या सकाळीही त्यांनी मला विचारलं होतं. शिंपी आला का म्हणून."

मग मात्र माझ्याने राहवेना. मी आईचा हात धरला, तिला जवळजवळ ओढत न्हाणीघरात नेलं आणि कडी लावली.

"अगं, काय चाललंय?" आई पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. "तुझं खरंच पोट..."

मी पिन काढून तिच्यापुढे धरली.

आईने ती हातात घेतली. बाबांच्या हातच्या पिना ती डोळे मिटूनही ओळखते. कितीतरी वेळ ती पिन नुसती फिरवत राहिली.

"त्याने परत केली?"

"मी दिलीच नाही, आई. येतो म्हणाले ते मीच सांगितलं. बाबांना. तुला. त्यांना काही माहीतच नाही."

नळ ठिबकत होता. बाहेर अंगणातली भांडी वाजायची थांबली होती. त्या दाराला बाबांनी दोन ठिकाणी झडपा केल्यात, हवा यावी म्हणून. त्यातून आवाजही जातो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"नऊ दिवस," आई म्हणाली.

"हो."

"नऊ दिवस मी त्या दाराजवळ बसले. ते झोपले की मी रस्त्याकडे बघायचे. जागे झाले की मी म्हणायचे, अजून नाही आले, येतील." ती माझ्याकडे बघत नव्हती. "शेवटी शेवटी मी त्या माणसाला शिव्या दिल्या गं. यांना ऐकू जातील अशा. यांनी मला गप्प केलं. म्हणाले, शिंप्या हट्टी आहे, पण येईल."

मला रडू आलं. आईने मला जवळ घेतलं नाही. ती उठली, नळाखाली हात धुतले, टॉवेलला पुसले आणि पिन माझ्या हातात दाबली, एवढी जोरात की टोपी तळव्यात रुतली.

"जा. त्यांना घेऊन ये. आणि आपल्या तोंडाने सगळं सांग, अर्धंमुर्धं नाही."

मी अंगणातून जाताना सगळे ताटांकडे बघत होते. मास्तर एक काकडी फारच लक्ष देऊन सोलत होते.

मी दोन गल्ल्या पळत गेले. रविवार असल्यामुळे दुकान बंद होतं, पण शटर गुडघ्याएवढं वर होतं आणि खालून काकांच्या चपला दिसत होत्या. मी वाकून आत शिरले. काका मशीनपाशी बसले होते. मशीन चालू नव्हतं. कपाळावर चष्मा, गळ्यात टेप आणि समोर कापायच्या टेबलावर घडी घातलेला तो पांढरा कपडा.

"ठिणगी," ते म्हणाले, जसं काही मी कालच येऊन गेले होते. "आज रविवार ना."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पलीकडच्या बाजूने गेले तेही, त्यांच्यावर राग होता तेही. पिन टेबलावर ठेवली. वाटलं होतं चिडतील. मला तेच हवं होतं. त्यांनी पिन हातात घेतली नाही.

"काय सांगितलं होतंस त्याला? मी काय म्हणालो म्हणून?"

"येतो म्हणालात."

काकांनी मान हलवली. "तेवढं खरं बोललीस. आलो असतो."

ते गळ्यातला टेप काढून बोटाला गुंडाळत राहिले. मग विचारलं, "वाट बघितली का त्याने?"

नाही म्हणावंसं वाटलं. एका शब्दाने त्यांचं दुःख हलकं झालं असतं. पण तसल्या हलक्या शब्दांनीच हे सगळं झालं होतं.

"बघितली. दिवसाआड दाढी करून घेत होते. तुम्ही याल म्हणून."

काका उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लटकवलेल्या अर्धवट कोटांतल्या एकाची बाही त्यांनी धरली होती. त्यांचे खांदे हलत होते. मी तिथेच उभी राहिले. निघून जाण्याएवढी लाज मला वाटत होती, पण गेले नाही.

मग ते वळले, नाक पुसलं आणि कपड्याची घडी उलगडून एक टोक माझ्यापुढे धरलं. पाचवं काज. जुनं काज बारीक टाक्यांनी बुजवलेलं होतं, इतकं सफाईने की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. आणि दोन बोटं खाली नवं काज.

"हे कधी केलंत?"

"गेल्या वर्षीच. भांडणानंतरच्या सोमवारी." ते कपडा घडी घालत म्हणाले. "म्हटलं, तो काही मूठ हलवायचा नाही. काज हलवायला काय जातंय? मग वाट बघत बसलो, की पिन पाठवेल."

"तसंच यायचं ना काका! पिनेशिवाय!"

"कसा येऊ? ठेवून जा म्हणाला होता."

मला त्या दोघांचा इतका राग आला आणि स्वतःचा त्याहून, की मी कपडा उचलला आणि आधी बाहेर पडले.

आम्ही पोचलो तेव्हा आईने चादरी काढून टाकल्या होत्या. माझ्या खोलीचं दार अजून चौकटीत होतं. काका फाटकाबाहेर थांबले आणि त्यांनी पिन हातात धरून दाखवली, शाळेत हजेरी द्यावी तशी.

"या भाऊजी," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला. "माझं चुकलं. मी तुमच्याकडे पाठ..."

"वहिनी, राहू द्या. दार काढू आधी."

त्यांनी आणि मी दार उतरवलं आणि शेवटच्या घोड्यांवर ठेवलं. कपडा दोन्ही टोकांनी धरून सोडला. चार मुठी वर आल्या. पाचवीही आली, मधोमध, कापडाला सुरकुतीसुद्धा नाही. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. आईने त्या मुठीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग तिथे, बाबांच्या जागेशेजारी, तिने काकांची खुर्ची मांडली.

आम्ही जेवलो. बटाटे करपले होते आणि सरबत गोडमिट्ट होतं. मास्तरांनी दोन जुने विनोद सांगितले आणि नर्सताई त्यांना पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसल्या. काका भरपूर जेवले, दोन वर्षांचं. आई सगळ्यांना वाढत होती. मलाही वाढत होती, पण माझ्याकडे न बघता.

ऊन उतरल्यावर दारं बसवायला घेतली. चार दारं चौकटीत गेली. मधल्या पिना आईने हातात घेतल्या आणि बाबा द्यायचे तशा वाटल्या. नर्सताईंना एक, मास्तरांना एक, बाईंना वेगळी एक, कारण मास्तरांवर भरवसा नाही. शेवटी माझं दार राहिलं. मी ते उचलायला वाकले.

"थांब," आई म्हणाली.

तिने माझ्या दाराच्या तिन्ही पिना गोळा केल्या. वरची, खालची आणि ती मधली. तिन्ही शिंपीकाकांच्या तळव्यावर ठेवल्या आणि त्यांची मूठ मिटली.

"पुढच्या वर्षी घेऊन या."

"तिन्ही?" काकांनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, मग हिच्या खोलीला दार..."

"नसेल. वर्षभर. ती काय करते ते मला दिसू दे आणि मी काय करते ते तिला."

काकांनी पिना शर्टाच्या खिशात टाकल्या, वरून दोनदा थोपटलं आणि कपड्याची घडी काखेत घेऊन ते मास्तरांबरोबर फाटकाबाहेर पडले. मी दार उचलून आत नेलं आणि खोलीच्या भिंतीला टेकवलं. मूठ माझ्या बाजूला आली, दोन बोटं खाली.

स्वयंपाकघरातून, मध्ये तीन बंद दारं असती तरी पोचला असता अशा आवाजात, आई म्हणाली, "नीट तिरकं लाव. पडेल. आणि ये भांडी घासायला, मी एकटीने नाही घासणार."